स्पॉटिंग स्कोपला छोटा कॅमेरा जोडल्यावर येणारी काळी कड आणि धूसर फोटो: तपासण्यांचा क्रम

लक्षणे

स्पॉटिंग स्कोपच्या, म्हणजे ट्रायपॉडवर ठेवून एका डोळ्याने पाहायच्या दुर्बिणीच्या, आयपीसमागे (डोळा लावायच्या भिंगामागे) छोटा कॅमेरा लावून पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांची तक्रार बहुधा दोन वाक्यांत येते. एक म्हणजे "फोटोत काळं येतं" आणि दुसरी "डोळ्याला लख्ख दिसतं, फोटोत मात्र उतरत नाही". हतनूरच्या जलाशयावर हिवाळी पाहुणे उतरू लागले की ही जोडणी नीट करून द्यायचे काम माझ्याकडे दरवर्षी येते, आणि दरवर्षी समोरच्याने कॅमेऱ्याला किंवा स्कोपला दोष देऊन नव्या खरेदीची तयारी केलेली असते. दोष बहुतेक वेळा या दोन्हींत नसतो. तो आयपीस आणि कॅमेऱ्याचे भिंग या दोन काचांच्या मधल्या दीड-दोन सेंटिमीटरमध्ये असतो, आणि तिथे नसला तर हवेत असतो. म्हणून आधी फोटो संगणकाच्या पडद्यावर मोठा करून नीट पाहावा आणि लक्षण नेमके ओळखावे.

काळे येण्याचे प्रकार असे आहेत. चारही बाजूंना सारखे काळे असून मधल्या वर्तुळाची कड रेखीव आणि स्पष्ट असेल, तर तो पहिला प्रकार. काळे चारही बाजूंना आहे, पण कड स्पष्ट नसून आतल्या बाजूला विरत गेली आहे, तर तो दुसरा प्रकार. दिसायला दोन्ही सारखेच वाटतात, पण त्यांची कारणे आणि उपाय अगदी वेगळे आहेत. तिसऱ्या प्रकारात एकाच बाजूला चंद्रकोरीच्या आकाराची सावली येते. चौथ्यात ही सावली दर फोटोगणिक जागा बदलते.

धूसरपणाचेही असेच आहे. फोटोतले सगळे उजळ ठिपके, म्हणजे पाण्यावरची चमक किंवा डोळ्यातला प्रकाशबिंदू, एकाच दिशेला ओढले गेले असतील, तर तो हादरा आहे. पक्षी धूसर पण त्याच्या अलीकडचे किंवा पलीकडचे गवत स्वच्छ असेल, तर फोकस चुकला आहे. एका फोटोत चोच नीट आणि डोळा वितळलेला, तर लगेच पुढच्या फोटोत बरोबर उलटे, असे असेल तर हवा लहरते आहे. आणि सगळाच फोटो सारखा फिकट, काळा रंगही करडा दिसणारा असेल, तर काच मळलेली आहे, तिच्यावर आडवा प्रकाश पडतो आहे किंवा आत बुरशी आहे.

यांखेरीज दोन लक्षणे वेगळी ठेवावीत: सगळ्या फोटोंत त्याच जागी येणारा डाग, आणि कॅमेरा सुरू करताच भिंग अर्धवट बाहेर येऊन "बंद करून पुन्हा सुरू करा" अशा अर्थाचा संदेश येणे. या दुसऱ्या लक्षणात खालच्या बाकीच्या तपासण्या करू नयेत, थेट शेवटच्या भागाकडे जावे.

पहिली तपासणी: हवा

यासाठी काहीच खर्च नाही, आणि खानदेशात हीच तपासणी सर्वांत आधी करायला हवी. कॅमेरा काढून ठेवावा, स्कोप ट्रायपॉडवर असू द्यावा आणि नुसत्या डोळ्याने दूरच्या विजेच्या खांबावरच्या इन्सुलेटरकडे किंवा बाभळीच्या खोडाकडे पाहावे. खोडाची कड वाहत्या पाण्यातून पाहिल्यासारखी थरथरत असेल, तर त्या वेळी त्या अंतरावरून कोणत्याही कॅमेऱ्याने चांगला फोटो येणार नाही. आपला डोळा आणि मेंदू या थरथरत्या चित्रातून स्वच्छ क्षण वेचून घेतात. कॅमेऱ्याला मात्र ज्या क्षणी शटर उघडले तोच क्षण मिळतो. "डोळ्याला लख्ख दिसतं" ही तक्रार बहुतेकदा इथूनच येते.

जमीन तापली की तिच्यालगतची हवा तापून वर चढते, गरम आणि थंड हवेचे थर एकमेकांत मिसळतात आणि प्रत्येक थरातून जाताना प्रकाश थोडा वाकतो. वीस पटीने मोठे करून पाहिले की हे वाकणेही वीस पटीने मोठे होते. आपली काळी जमीन उघडी पडली की लवकर तापते. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा सकाळचा पहिला दीड-दोन तासच खरा हाती असतो. पण फेब्रुवारीत, जलाशय आटून गाळाचा काठ उघडा पडतो तेव्हाही दहानंतर हाच त्रास सुरू होतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. हवेला उपाय नाही. अंतर कमी करणे, सकाळ गाठणे आणि पाहण्याची रेषा जमिनीपासून उंच ठेवणे एवढेच करता येते. धरणाच्या भिंतीवरून किंवा ओलिताच्या हिरव्या पिकावरून पाहिलेला पक्षी उघड्या नांगरटीवरून पाहिलेल्या पक्ष्यापेक्षा बरा येतो. गाडीतून फोटो काढायचे असतील तर काच पूर्ण खाली घ्यावी, इंजिन बंद करावे आणि गरम बॉनेटवरून फोटो घेऊ नये. ती झळ अगदी जवळची असल्याने सगळ्यांत जास्त बाधते.

हवा स्थिर असतानाही फोटो बिघडत असतील तरच पुढे जावे.

दुसरी तपासणी: काच

तीन काचा बाहेरून दिसतात: स्कोपचे पुढचे मोठे भिंग, आयपीस आणि कॅमेऱ्याचे भिंग. यांपैकी आयपीस सर्वांत जास्त मळतो, कारण पापण्यांचा तेलकटपणा त्याला लागतो. आधी रबरी फुंकणीने धूळ उडवावी, मग मऊ ब्रश फिरवावा, आणि त्यानंतरच भिंगासाठीच्या कापडाने पुसावे. हा क्रम उलटा करू नये, कारण रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे कण असतात आणि त्या धुळीसकट काच पुसली की तिच्यावरच्या लेपाला ओरखडे पडतात. उपरणे, शर्टाची बाही आणि तोंडाची वाफ यांना इथे स्थान नाही.

डाग नेमका कुठे आहे हे कळण्यासाठी आयपीस थोडा फिरवून दुसरा फोटो घ्यावा. डाग सोबत फिरला तर तो आयपीसवर आहे. जागचा हलला नाही तर कॅमेऱ्यात किंवा स्कोपच्या नळीत आहे. कॅमेऱ्याने एकट्याने आकाशाचा फोटो घेतला की या दोघांतला निवाडाही होतो.

तिसरी तपासणी: कॅमेऱ्यातली मांडणी

आयपीसभोवतीची रबरी वाटी पूर्ण खाली दुमडावी किंवा फिरवून आत घ्यावी. ती चष्मा नसलेल्या डोळ्याला अंतरावर ठेवण्यासाठी असते, आणि कॅमेऱ्याला ते अंतर नको असते. फ्लॅश बंद ठेवावा. डिजिटल झूम बंद ठेवावा, कारण तो फक्त मधला भाग कापून मोठा करतो. फोकसचा बिंदू मधला एकच ठेवावा. बॅटरी वाचवण्यासाठी कॅमेरा आपोआप झोपी जाण्याची जी सोय असते तिची वेळ शक्य तितकी लांबवावी, कारण कॅमेरा झोपला की भिंग आत जाते, जागा झाला की पुन्हा बाहेर येते, आणि प्रत्येक वेळी जोडणी थोडी सरकते. सावली दर फोटोगणिक जागा बदलते या चौथ्या प्रकाराचे हे एक कारण आहे. भिंगातले कंपनरोधक हे दुसरे. ते आतली काच बाजूला सरकवून काम करते, आणि ही काच सरकली की स्कोपशी जुळलेला मध्य बिघडतो. ट्रायपॉडवर ते बंद ठेवून पाहावे.

फोकस स्कोपच्या चाकाने करावा आणि तो कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहून करावा. आधी डोळ्याने फोकस करून मग कॅमेरा लावण्याची सवय अनेकांना असते; पण डोळा स्वतः जवळ-दूर जुळवून घेतो, त्यामुळे डोळ्याला नीट वाटलेला फोकस कॅमेऱ्याला नीट असेलच असे नाही. कॅमेऱ्यात "डोंगराचे चिन्ह" असलेला दूरचा फोकस असेल तर तो लावावा, म्हणजे कॅमेऱ्याचा फोकस जागेवर राहतो आणि सगळे काम स्कोपच्या चाकावर येते. ऑटोफोकस सतत पुढे-मागे धडपडत असेल, तर हाच उपाय.

बगळे, चमचे, चित्रबलाक अशा पांढऱ्या पक्ष्यांचा पिसारा फोटोत नुसता पांढराफटक येऊन तपशील जात असेल, तर तो जोडणीचा दोष नव्हे. एक्स्पोजर दोन-तृतीयांश टप्पा खाली घ्यावे.

चौथी तपासणी: झूम, आणि रेखीव कडेचे वर्तुळ

आयपीसमधून दिसणाऱ्या दृश्याला एक ठरलेला कोन असतो. झूम आयपीसमध्ये सर्वांत कमी पटीला, म्हणजे वीसला, हा कोन बऱ्याचदा चाळीस अंशांच्या आसपास असतो. एकाच पटीच्या रुंद आयपीसमध्ये तो साठ किंवा त्याहून जास्त असतो. आता कॅमेऱ्याकडे पाहू. जुन्या ३५ मिमी फिल्मच्या हिशेबात २८ मिमी असलेले भिंग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सुमारे ७५ अंश पाहते, ३५ मिमी सुमारे ६३ अंश आणि ५० मिमी सुमारे ४७ अंश. छोटा कॅमेरा सुरू होताच २४ किंवा २८ मिमीवर असतो. म्हणजे तो आयपीसच्या दृश्याहून कितीतरी रुंद पाहतो, आणि जे काळे दिसते ती आयपीसच्या आतल्या कडीची भिंत असते. कड रेखीव दिसते ती म्हणूनच.

यावर उपाय एवढाच की वर्तुळ चौकटीबाहेर जाईपर्यंत कॅमेऱ्याचा झूम वाढवावा आणि तिथेच थांबावे. रुंद आयपीसला ३५ ते ४० मिमीवर काम भागते, झूम आयपीसला ६० मिमीच्या आसपास जावे लागते. वीस पटीच्या स्कोपमागे ६० मिमी लावले की १२०० मिमीच्या भिंगाइतका पल्ला मिळतो, आणि याहून जास्त कुणाला हवा असेल तर त्याने आधी पक्ष्याच्या जवळ जाता येते का ते पाहावे.

स्कोपची पट वाढवून हे काळे घालवण्याचा मोह होतो, कारण झूम आयपीसमध्ये पट वाढली की कोनही रुंदावतो. हा सौदा महागात पडतो. आयपीसमधून बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास हा पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटीने भागून मिळतो: ६५ मिमीच्या स्कोपला २० पटीवर ३.२५ मिमी आणि ६० पटीवर जेमतेम १.१ मिमी. व्यास एक-तृतीयांश झाला की प्रकाश एक-नवमांश होतो. मग शटर मंदावते, हादरा दिसू लागतो, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला दाद देण्याची क्षमता) वाढवला तर फोटोत कण येतात, आणि इतक्या बारीक झोतातून प्रकाश पसरल्यामुळे बारीक तपशीलही पुसट होतो. फोटोसाठी २० ते ३० पट, त्यापुढची पट फक्त डोळ्यासाठी, असे मी सगळ्यांना सांगतो आणि हंगामाच्या मध्यापर्यंत कुणी ऐकत नाही.

पाचवी तपासणी: दोन काचांमधले अंतर, आणि विरत गेलेली कड

सर्व दुखण्यांचे मूळ बहुधा इथेच असते, म्हणून ही तपासणी सावकाश करावी.

स्कोप उजळ आकाशाकडे धरावा. सूर्याकडे कधीही नाही. डोळा कायमचा जाईल आणि कॅमेऱ्याचा सेन्सरही जळेल. आयपीसमागे पांढरा कागद धरून तो हळूहळू मागे न्यावा. कागदावर प्रकाशाची एक चकती पडते, ती आधी लहान होत जाते, एका अंतरावर सर्वांत लहान आणि रेखीव होते, आणि मग पुन्हा पसरते. जिथे ती सर्वांत लहान असते, तिथे स्कोपमधला सगळा प्रकाश एकत्र येतो. चष्मा लावूनही सोयीने पाहता येणाऱ्या आयपीसमध्ये हे अंतर पंधरा ते वीस मिलिमीटर असते. पाहताना डोळ्याची बाहुली तिथे असते. कॅमेऱ्याचीही "बाहुली" तिथेच यायला हवी.

कॅमेऱ्याची बाहुली कुठे असते? कॅमेरा सुरू करून त्याच्या भिंगात समोरून पाहिले की आत खोलवर उजळ छिद्र दिसते. ते पुढच्या काचेपासून जितके खोल दिसते, तितकी काच आयपीसच्या जवळ न्यावी लागते. छिद्र काचेपासून बारा मिलिमीटर खोल असेल आणि आयपीसचे अंतर अठरा असेल, तर दोन काचांत सहा मिलिमीटर राहतात आणि जोडणी सुखाने जमते. छिद्र तीस मिलिमीटर खोल असेल तर काच काचेला टेकवूनही बाहुली जागेवर येणार नाही. मग कडेचा प्रकाश वाटेतच अडतो आणि काळी कड विरत गेलेली दिसते. झूम वाढवून हे काळे जात नाही. उलट झूम वाढला की छिद्र आणखी खोल जाते आणि सावली वाढते. रेखीव कड आणि विरलेली कड यांत इतका फरक करायचा तो यासाठी.

व्यवहारात अंतर असे ठरवावे. कॅमेऱ्याचे भिंग झूमच्या कोणत्या टोकाला सर्वांत जास्त बाहेर येते ते आधी पाहावे, कारण काही कॅमेऱ्यांत ते रुंद टोकाला येते आणि काहींत दूरच्या टोकाला. त्या सर्वांत लांब स्थितीत भिंग आणि आयपीस यांच्यात दोन-तीन मिलिमीटर मोकळे राहतील एवढे अंतर ठेवावे. जाड पोस्टकार्ड दुमडून मधे सरकवले तरी मापायला पुरते. मग एक-एक मिलिमीटर मागे घेत प्रत्येक जागी फोटो काढावा आणि जिथे कोपरे सर्वांत उजळ येतात, तिथे अडॅप्टरवर, म्हणजे कॅमेरा आयपीसला धरून ठेवणाऱ्या जोडणीवर, पेन्सिलीने खूण करावी. ही खूण नसली तर पुढच्या खेपेला सगळे पुन्हा करावे लागते. झूम आयपीसमध्ये पट बदलली की हे अंतरही थोडे बदलते, म्हणून ज्या पटीवर फोटो काढायचे त्याच पटीवर खूण करावी.

काही केल्या अंतर जमत नसेल, तर कॅमेराच या कामाचा नाही असे समजावे. तीन ते चार पट झूमचे, लहान काचेचे कॅमेरे जमतात; दहा पट आणि त्यापुढचे बहुधा जमत नाहीत, मग ते कितीही महागाचे असोत. ही पद्धत १९९९ च्या सुमारास मलेशियाचे पक्षीनिरीक्षक लॉरेन्स पोह यांच्यामुळे जगभर पसरली, आणि तेव्हापासून पुढची कित्येक वर्षे पक्षीनिरीक्षक निकॉन कूलपिक्स मालिकेतले जुने कॅमेरे शोधत राहिले. त्याचे कारण हेच होते. २००२ सालच्या कूलपिक्स ४५०० मध्ये भिंग झूम होताना बाहेर येतच नाही, सगळी हालचाल आत होते, आणि पुढे अडॅप्टर फिरवून बसवायला २८ मिमी व्यासाचे आटे असतात. असा कॅमेरा घरात कुणाच्या कपाटात पडून असेल तर तो आजही या कामाला उत्तम आहे.

सहावी तपासणी: मध्य आणि कल

एका बाजूला चंद्रकोर येत असेल, तर अंतर बरोबर आहे पण मध्य जुळलेला नाही. काळे घालवायला झूम वाढवलेला असतो, त्या झूमवर मध्य शोधणे अवघड जाते, कारण चौकटीत फक्त दृश्य असते. म्हणून मुद्दाम उलटे करावे: झूम पूर्ण कमी करावा, म्हणजे काळ्या चौकटीत गोल दृश्य दिसेल, आणि ते गोल चारही कडांपासून सारख्या अंतरावर येईपर्यंत कॅमेरा सरकवावा. गोलाची कड एका बाजूला रेखीव आणि समोरच्या बाजूला विरलेली असेल, तर कॅमेरा कललेला आहे, सरकलेला नाही. सरकवत बसण्याऐवजी तो सरळ करावा. मग स्क्रू आवळून पुन्हा पाहावे, कारण शेवटच्या अर्ध्या फेऱ्यात बरेच अडॅप्टर पुन्हा हलतात.

तीन-चार दिशांनी सरकणाऱ्या, प्रत्येक सांध्याला अंगठ्याचा स्क्रू असलेल्या "कोणत्याही कॅमेऱ्याला चालणाऱ्या" पट्टीच्या अडॅप्टरविषयी माझे मत फारसे चांगले नाही. अडीच-तीनशे ग्रॅमचा कॅमेरा त्याच्या टोकाला लोंबतो, आणि रावेर-यावलच्या एखाद्या खडबडीत शिवाररस्त्यावरून मोटारसायकलने गेले की दोन स्क्रू तरी ढिले झालेले असतात. आयपीसवर घट्ट बसणारी नळी कधीही बरी. ती घरी करणेही अवघड नाही, कारण ठिबक आणि पाइपलाइनचे सामान विकणाऱ्या प्रत्येक दुकानात पीव्हीसीचे कपलिंग निरनिराळ्या मापांत मिळतात. आयपीसचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजून न्यावा, किंचित मोठे कपलिंग घ्यावे आणि उरलेली फट सायकलच्या ट्यूबच्या रबरी पट्टीने भरावी. आतून फळ्याला लावतात तो बिनचमकीचा काळा रंग द्यावा. नाहीतर पांढऱ्या किंवा करड्या प्लास्टिकवरून उडालेला प्रकाश फोटो फिकट करतो. पीव्हीसी आपल्या उन्हात बंद गाडीत ठेवले की मऊ पडून लंबगोल होते, म्हणून उन्हाळ्यात ते गाडीत सोडू नये. ज्यांना कायमचे काम हवे त्यांनी जळगाव, भुसावळ किंवा धुळ्याच्या एखाद्या लेथवर नायलॉनची कडी कातून घ्यावी. लेथवाल्याला तोंडी माप सांगू नये, आयपीस आणि कॅमेरा दोन्ही समोर ठेवावेत.

एक नियम मात्र मोडू नये: कॅमेऱ्याचा भार पुढे-मागे होणाऱ्या भिंगाच्या नळीवर कधीही येऊ देऊ नये. भार कॅमेऱ्याच्या तळाच्या पाव इंची आट्यांवर किंवा भिंगाभोवतीच्या न हलणाऱ्या कडीवर यावा.

सातवी तपासणी: हादरा

स्कोपवर बोटाने हलकी टिचकी मारावी आणि पडद्यावरचे चित्र थांबायला किती वेळ लागतो ते पाहावे. दोन सेकंदांत थांबत असेल तर दोन सेकंदांचा सेल्फ-टायमर लावला की काम झाले. त्याहून जास्त वेळ लागत असेल, तर ट्रायपॉड हलका आहे किंवा तोल बिघडला आहे. कॅमेरा लावला की सगळा भार मागे जातो, म्हणून स्कोपचा पाय ट्रायपॉडच्या पट्टीवर पुढे सरकवून नव्याने तोल साधावा. मधला दांडा वर काढू नये. पिशवी खाली टांगावी, पण ती जमिनीला हलकी टेकेल अशी, म्हणजे वाऱ्याने झुलणार नाही. तापीच्या ओल्या गाळात ट्रायपॉडचा एक पाय सावकाश रुतत राहतो आणि चित्र न कळत खाली सरकते. पायाखाली चपटा दगड ठेवावा. शटर १/२५० च्या खाली जाऊ देऊ नये आणि त्यासाठी आयएसओ वाढवायला कचरू नये.

चक्रवाक आणि पट्टकादंब चरताना क्षणभर मान वर करून थांबतात, तेवढ्यात तीन-चार फोटो सलग घ्यावेत. या पद्धतीला खरा मानवणारा पक्षी म्हणजे आपला रानपिंगळा. तो दिवसा वावरतो आणि उघड्या फांदीवर बराच वेळ बसून राहतो. १८८४ नंतर थेट नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडलेला हा पक्षी तोरणमाळकडे पाहायला लोक लांबून येतात. स्कोपमुळे त्याच्यापासून दूर राहून फोटो घेता येतो, हा या सगळ्या खटाटोपाचा मोठा फायदा आहे. जोडणीचे प्रयोग मात्र घरामागच्या चिमण्यांवर करून मगच तिथे जावे.

आठवी तपासणी: अदलाबदल

इथपर्यंत येऊनही फोटो धूसर असेल तर दोषी कोण ते ठरवावे लागते. कॅमेऱ्याने एकट्याने, स्कोपशिवाय, दूरच्या पाटीचा फोटो घ्यावा. मग त्याच स्कोपमागे मोबाइल धरून त्याच पाटीचा फोटो घ्यावा. मोबाइलच्या भिंगाची बाहुली अगदी पुढे असल्याने तो अंतराच्या बाबतीत फारसा कुरकुर करत नाही. मोबाइलचा फोटो स्वच्छ आणि कॅमेऱ्याचा धूसर असेल तर स्कोप निर्दोष आहे. दोन्ही धूसर असतील तर मित्राचा स्कोप मागून तीच चाचणी करावी.

स्कोपविषयी शंका उरलीच तर रात्री एखादा ठळक तारा मधोमध घेऊन जास्त पटीवर पाहावा. फोकस किंचित एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला फिरवला की ताऱ्याची गोल चकती व्हायला हवी, आणि दोन्ही बाजूंची चकती साधारण सारखी दिसायला हवी. नेमक्या फोकसलाही ताऱ्याला एका बाजूने शेपूट फुटत असेल, तर आतले भिंग किंवा प्रिझम सरकले आहे.

कुठे थांबावे

तारा शेपटीचा दिसला की थांबावे. स्कोप पडल्यानंतर आत काही खुळखुळत असेल, फोकसचे चाक मधेच अडत असेल, आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसत असतील किंवा आत धरलेले धुके दिवसभर कोरड्या जागी ठेवूनही जात नसेल, तरीही थांबावे. जलरोधक स्कोपमध्ये बऱ्याचदा नायट्रोजन वायू भरलेला असतो. एक झाकण उघडले की तो निघून जातो आणि घरी तो पुन्हा भरता येत नाही. प्रिझम पुन्हा जुळवायला मापनाचे उपकरण लागते. म्हणून घड्याळ किंवा चष्मा दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे, तो कितीही कुशल असला तरी, स्कोप उघडायला देऊ नये. कंपनीच्या अधिकृत दुरुस्ती केंद्राकडे किंवा दुर्बिणींचेच काम करणाऱ्या कारागिराकडे द्यावा, आणि देण्याआधी त्याच्याकडे प्रिझम जुळवण्याचे साधन आहे का ते स्पष्ट विचारावे. बुरशी लागलेला स्कोप बाकीच्या भिंगांसोबत एकाच पेटीत ठेवू नये.

कॅमेऱ्याचे भिंग अर्धवट बाहेर येऊन अडले असेल, तर ते बोटाने ओढू किंवा ढकलू नये आणि पुन:पुन्हा सुरू करून पाहू नये. आतली दातेरी चाके प्लास्टिकची असतात. आयपीसला धडकून थांबलेले भिंग कॅमेरा अडॅप्टरमधून काढून एकदा सुरू केल्यावर मोकळे झाले तर ठीक, नाहीतर बॅटरी काढून कॅमेरा दुरुस्तीला द्यावा. मोकळे झाले असले तरी पाचव्या तपासणीतले अंतर पुन्हा मोजल्याशिवाय तो त्या स्कोपला लावू नये.

दुरुस्तीला पाठवताना "फोटो नीट येत नाही" एवढेच लिहू नये. झूम पूर्ण कमी करून घेतलेला गोल दृश्याचा फोटो, ताऱ्याचा आकार कसा दिसतो त्याचे वर्णन आणि मोबाइलने केलेल्या चाचणीचा निकाल सोबत द्यावा. दोष स्कोपमध्ये असेल तर कॅमेरा आणि अडॅप्टर पाठवू नयेत, कारण दुरुस्ती करणारा स्कोप एकटाच तपासतो. परत आल्यावर पैसे देण्याआधी दुकानाच्या दारात उभे राहून दूरच्या खांबावर फोकसचे चाक दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहावे आणि पांढऱ्या कागदावर प्रकाशाची चकती पूर्ण गोल पडते की नाही ते तपासावे.